निळ्या पट्ट्याचा पाइप

माझ्या शेडच्या मागच्या भिंतीला एक वाकलेला पाइप टांगलेला आहे. साधारण हातभर लांब, एका टोकाला चपटलेला, दुसऱ्या टोकाला वेल्डिंग उखडलेलं. त्याच्यावरचा निळा पट्टा अजून दिसतो. हा तुकडा माझ्या मावसभावाच्या जीपमधला आहे. ती जीप उलटली तेव्हा मावसभाऊ आत होता, आणि त्याच्या डोक्यावरचा पिंजरा मी बनवलेला होता.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझी शेड आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचे ट्रस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ही आमची रोजची कामं. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आयटीआयही केलं. लोखंडाचं मला कळतं अशी माझी खात्री होती, आणि ट्रॉलीपुरतं ते खरंही होतं. ट्रॉली बांधताना लोखंड थोडं जास्तच घालायचं, म्हणजे गिऱ्हाईक वर्षभर तक्रार घेऊन येत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मावसभावाने जुनी एमएम ५४० घेतली. गगनबावड्याच्या बाजूला, राधानगरीकडे चिखलात, ओढ्यात जीप घालणाऱ्या पोरांची एक टोळी तेव्हा जमली होती. त्यात हाही गेला. एक दिवस म्हणाला, "दादा, टप काढलाय, वर कायतरी कर की. गाडी पलटी झाली तर डोकं तर वाचाय पायजे." मी म्हटलं, रविवारी आण.

त्या रविवारी मी काय केलं ते आज जसंच्या तसं सांगतो.

शेडमध्ये दीड इंची जीआय पाइप पडून होता. बी क्लास, म्हणजे निळ्या पट्ट्याचा. पाण्याच्या पाइपात पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम आणि लाल जड, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. दीड इंच हे आतल्या भोकाचं नाव. बाहेरून तो ४८.३ मिमी भरतो, आणि बी क्लासला भिंतीची जाडी ३.२ मिमी. हातात घेतला तर जड लागतो. मावसभावाने उचलून बघितला आणि म्हणाला, "लई जाडजूड हाय की." मलाही तेवढंच पुरलं.

मागची कमान वाकवायला नळकाम करणाऱ्या एका मित्राचा हातपंपाचा बेंडर आणला. त्याचा साचा त्या पाइपाला नीट बसत नव्हता. वाळू भरून पाइप दाबला, तरी वाकाच्या जागी तो चपटला. मी तो बघितला, अंगठ्याने चाचपला, आणि 'रंग दिल्यावर कळणार नाही' असं म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आहे. जोडांच्या जागी एका पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर तंतोतंत बसेल असं कापायला हवं होतं. ग्राइंडरने दोन तिरके काप घेतले आणि राहिलेली फट रॉडने भरून काढली. जस्ताचा मुलामाही घासून काढला नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास जावं लागतं. त्यामुळे पोलाद वितळायच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होते, आणि ती वितळलेल्या धातूतून बुडबुडे काढत बाहेर पडते. रॉड तडतडत होता, पांढरा धूर निघत होता, आणि आम्ही तोंडाला रुमाल बांधून काम ओढत होतो. माझ्या हाताखालच्या पोराला रात्री हुडहुडी भरून ताप आला. गॅल्व्हनाइज्डवर काम केल्यावर असा ताप येतो हे सगळ्याच शेडमध्ये माहीत असतं, आणि त्यावर उपाय म्हणून दूध पाजतात. दुधाने त्यात काही होत नाही. तो ताप एक-दोन दिवसांत आपला आपण उतरतो. मी मात्र त्याला दूध पाजून आपलं कर्तव्य झालं असं मानलं.

पिंजऱ्याचे पाय मी जीपच्या टबाच्या पत्र्यावर बसवले. चार पाय, प्रत्येकाखाली चहाच्या बशीएवढीही नसलेली पट्टी, आणि दोन-दोन बोल्ट. मागच्या कमानीत तिरका पाइप टाकायचा विचार आला होता, पण मावसभाऊ म्हणाला की मागे सामान चढवायला अडचण होईल. मी लगेच मान्य केलं, कारण पाइपाचा एक तुकडा आणि दोन जोड वाचत होते. संध्याकाळी काळा रंग मारला. जीप देखणी दिसायला लागली. चार लोकांनी थांबून विचारलं, कुणी केलं म्हणून.

दुसऱ्या पावसाळ्यात ती उलटली. वेग काहीच नव्हता. लाल मातीचा निसरडा उतार, गाडी आडवी सरकली, खालचं चाक दगडाला अडलं आणि जीप सावकाश कलंडली. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, की आडवी झाल्यावर क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि मग पुढे गेली. कमानीचा डावा वाक आत आला. वरचा आडवा पाइप जोडातून सुटला. मागचा एक पाय टबाच्या पत्र्यातून बोल्टसकट आरपार खाली गेला. मावसभावाचा खांदा आणि दंड त्या आत आलेल्या पाइपाखाली सापडला. दंडाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. डोक्याला लागलं नाही. ते हेल्मेटमुळे आणि थोडं नशिबाने. माझ्या कामामुळे काही वाचलं असं म्हणायला जागा नव्हती.

दवाखान्यात मावशी बाकावर बसली होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "तूच केलतंस न्हवं रं ते?" मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही, आणि नंतरही या विषयावर कधी बोलली नाही.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते, कारण ती मी डोळे उघडे ठेवून केली.

अपघातानंतर मी सगळ्यांना एकच सांगत सुटलो: पाण्याचा पाइप होता, म्हणून असं झालं. पाण्याचा पाइप पिंजऱ्याला वापरू नये हे खरंच आहे. तो पाणी वाहून नेण्यासाठी बनतो. त्याची कसोटी पाण्याच्या दाबाला गळतो का ही असते, आपटल्यावर किती ताकदीने तग धरतो ही नसते. पण ते कारण मी हातात धरलं, कारण त्यात माझे हात कुठे येत नव्हते. दोष पाइपाचा होता, दुसरा पाइप घेतला की सगळं नीट होईल, असं मला वाटायचं. म्हणजे मी वाटून घेतलं होतं.

मग मी दुसरं नाव शोधायला लागलो, आणि मला क्रोमोली सापडलं. ४१३० हा त्याचा क्रमांक. लोखंडात कार्बन साधारण ०.३ टक्के, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि मॉलिब्डेनम ०.२ च्या जवळ. विमानांच्या सांगाड्यांना वापरलं जातं, शर्यतीच्या गाड्यांना वापरलं जातं. मुंबईत खेतवाडी-कुंभारवाड्याच्या बाजूला पाइपवाल्यांची दुकानं आहेत, तिथे दोन दिवस फिरून मी तो आणला. भाव ऐकून बायको गप्प झाली. गिऱ्हाईक तयार होतं. मावसभावाच्याच टोळीतला एक जण, अपघात बघून घाबरलेला, 'खर्चाचं बघू नका' म्हणणारा.

महाग पडत होता म्हणून मी ३८ मिमी व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा घेतला. नाव एवढं मोठं, तर पातळ चालेल, असा हिशेब. हा हिशेब कुठे चुकतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आजही अनेक चांगल्या फॅब्रिकेटरांना माहीत नसतं, म्हणून जरा थांबून सांगतो. पोलाद कुठलंही घ्या, साधं किंवा क्रोमोली, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. मिश्रधातू घालून पोलाद कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा वर जाते, पण त्या मर्यादेच्या आत ते तितकंच लवतं. पाइप किती लवेल हे त्याच्या आकारावर ठरतं. बाहेरच्या व्यासाचा चौथा घात घ्यायचा, त्यातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करायचा, आणि उत्तराला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं. चौथा घात म्हटल्यावर व्यासातल्या थोड्याशा फरकाने केवढा फरक पडतो ते कळेल. माझा निळ्या पट्ट्याचा पाइप या हिशेबात ११.६ येतो, आणि मुंबईहून आणलेला क्रोमोली ३. म्हणजे मी ज्याला शिव्या घालत होतो तो पाइप ताठपणात या महाग पाइपापेक्षा पावणेचार पट होता. आणि क्रोमोलीची जास्तीची ताकद हिशेबात धरली, तरी वाकताना सोसण्याच्या ताकदीतही नवा पाइप जुन्याच्या मागेच पडत होता. मी नाव विकत घेतलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आमच्याकडे वेल्ड मारला की ओलं फडकं फिरवायची सवय आहे. जोड लवकर गार होतो, पुढचं काम करता येतं, हात भाजत नाही. ट्रॉलीच्या साध्या लोखंडाला त्याने फारसं बिघडत नाही. क्रोमोलीत कार्बन जास्त, वर क्रोमियम. लाल तापलेल्या जोडावर ओलं फडकं ठेवणं म्हणजे कोयता तापवून पाण्यात बुडवण्यासारखंच आहे. जोडालगतची अरुंद पट्टी कडक होते, आणि कडक झालेलं पोलाद ठिसूळ असतं. माझ्या हाताखालच्या पोराने प्रत्येक जोडाला फडकं लावलं. मीच त्याला तसं शिकवलं होतं.

तीन-चार फेऱ्या मारून ती गाडी सर्व्हिसिंगला आली. धुतल्यावर मी पिंजऱ्याला तेलाचं बोट फिरवत होतो. डाव्या खांबाच्या वरच्या जोडापाशी, वेल्डच्या अगदी कडेला, केसासारखी एक तांबूस रेघ दिसली. रंगाला चरा पडला असेल म्हणून नखाने खरवडली. नख अडलं. रंग खरवडून काढला, तर रेघ खाली लोखंडातही होती. ओळखीच्या एका फाउंड्रीतून भेगा शोधायच्या औषधाचे डबे आणले: आधी लाल द्रव लावायचा, पुसून घ्यायचा, मग पांढरी भुकटी फवारायची. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटत गेली. पाइपाच्या घेराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मग मी उरलेले जोड तपासले. आणखी दोन ठिकाणी तसंच.

मी गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन केला. गाडी देत नाही म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. पैसे परत केले. यात माझं कौतुक नाही. दवाखान्यातल्या त्या बाकावरची मावशी मला दिसत होती.

त्या फाउंड्रीत धातूशास्त्र शिकलेले एक वयस्कर साहेब होते. मी तडकलेला जोड कापून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो घासून, त्यावर आम्ल लावून भिंगाखाली बघितला, कडकपणा मोजला, आणि ओल्या फडक्याची गोष्ट माझ्या तोंडून काढून घेतली. मग विचारलं, "आधी एक गाडी उलटली होती म्हणालास, त्यातला पाइप आहे का?" तो शेडमध्ये होताच. दुसऱ्या दिवशी नेला. त्यांनी स्पेक्ट्रोवर बघितलं: कार्बन ०.१ टक्क्याहून कमी, मऊ लोखंड. माझ्या मनात आलं, बघा, म्हटलं नव्हतं मी? साहेबांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पाइप मऊ आहे, पिंजऱ्याचा नाही. पण तो पाइप म्हणून मोडलेला नाही. हा जोड कुणी मारलाय?"

त्यांनी मला एकेक जागा दाखवली. उखडलेल्या वेल्डच्या आत बारीक बारीक भोकं होती, पावाला असतात तशी; ती जस्ताच्या वाफेची. फट भरलेल्या ठिकाणी वेल्ड मूळ पाइपाला चिकटलाच नव्हता, नुसता वर बसला होता. त्यांनी सुरीच्या टोकाने त्याची कड उचलून दाखवली. वाकाच्या जागी व्हर्नियर लावला: एका अंगाने ३९, दुसऱ्या अंगाने ५५. शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियम करणाऱ्या एफआयएच्या पुस्तकात वाकवलेल्या पाइपाचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीहून कमी झालेला चालत नाही. माझा ०.७ झाला होता. वाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, तीही नव्हती. चपटलेला पाइप चपट्या बाजूने सहज मिटतो, आणि माझा तिथेच मिटला होता. शिवाय तिरका पाइप नाही. चौकट नुसती चार बाजूंची असली की कोपऱ्यावर ढकलताच कलते. तिरका टाकून त्रिकोण केला की ती कलायला त्या तिरक्याची लांबी बदलावी लागते. आणि पाय. त्याच नियमांत पिंजऱ्याच्या पायाखाली गाडीच्या बॉडीच्या पत्र्याला किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी सांगितली आहे. माझी त्याच्या पावपटही नव्हती. पत्रा फाटून पाय खाली गेला तो त्यामुळे.

हे सगळं त्यांनी अर्ध्या तासात, आवाज न चढवता सांगितलं. मी तिथून निघालो तेव्हा माझ्याकडे पाइपाला दोष द्यायची सोय उरली नव्हती. वाक मीच मारला होता, फट मीच भरली होती, तिरका मीच सोडला होता.

त्यानंतर दोन वर्षं मी एकही पिंजरा केला नाही. आलेल्यांना परत पाठवलं. रविवारी साहेबांच्या घरी जाऊन बसायचो. पाइप कसा बनतो ते मी त्या काळात शिकलो, आणि ते आधीच शिकायला हवं होतं. ईआरडब्ल्यू म्हणजे पत्र्याची पट्टी गोल वळवून, कडा विजेने तापवून जोडलेला पाइप. त्याला लांबीभर शिवण असते. तो वाकवायचा तर शिवण बाजूला ठेवायची, जिथे ताण आणि दाब दोन्ही कमीत कमी असतात. वाकाच्या पाठीवर घ्यायची नाही. तोच पाइप पुढे थंड अवस्थेत साच्यातून ओढला की सीडीडब्ल्यू. अमेरिकेत यालाच डीओएम म्हणतात. थंड ओढल्याने तो मजबूत होतो आणि मापातही येतो. पत्र्याऐवजी भरीव गोळ्याला तापवून मध्ये भोक पाडून बनवला, मग थंड ओढला, की सीडीएस: विनाशिवणीचा. एफआयए पिंजऱ्याला हाच मागते. ताण सोसायची किमान ताकद ३५० मेगापास्कल, मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. गंमत बघा, त्या ४५ च्या पाइपाचं वजन मीटरला २.६ किलो आणि माझ्या पाण्याच्या पाइपाचं साडेतीनच्या वर. जाडजूड असणं आणि योग्य असणं यांची मी इतकी वर्षं गल्लत केली होती. जीपमध्ये डोक्याच्या वर उगाच चढवलेलं प्रत्येक किलो वजन ती उलटायला मदत करतं, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं.

या दोन वर्षांत मी जोड मारून कापत बसलो. टिग वेल्डिंगवर हात बसवला. पाइपाचं तोंड गोलाईत कापायला होल-सॉचा जिग केला. प्रत्येक नमुना मधून कापायचा, आत वितळ किती गेली ते बघायचं, दुसरा नमुना शिकंज्यात धरून लांब पाइपाने वाकवायचा. जोड सुटला तर काम नापास. पाइप वाकून फाटला आणि जोड राहिला तर पास. पहिल्या महिन्यात माझे निम्म्याहून जास्त जोड सुटले. तीस वर्षांचा वेल्डर म्हणून हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आकडा तोच आहे.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एक चूक अजून सांगायची आहे, आणि ती मी शिकल्यानंतरची आहे.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची बाहा एसएई इंडिया नावाची स्पर्धा असते. २००७ पासून चालते, इंदूरजवळ पिथमपूरला. पोरं स्वतः एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर चालणारी गाडी बनवतात. जवळच्या एका कॉलेजचा संघ माझ्याकडे आला, सांगाडा वेल्ड करून द्या म्हणून. त्यांचं काम बघून मला आनंद झाला. त्या वयात मी नुसतं हाताने चाचपत होतो, ही पोरं वही घेऊन हिशेब मांडत होती. नियम असा: मुख्य पाइप २५.४ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा, कार्बन किमान ०.१८ टक्के. वेगळ्या मापाचा घ्यायचा असेल तर त्याचा वाकण्याचा ताठपणा आणि ताकद यापेक्षा कमी नाही हे सिद्ध करायचं, आणि जाडी कुठल्याही परिस्थितीत १.५७ मिमीच्या खाली जाऊ द्यायची नाही. पोरांनी २९.२ मिमीचा, १.६५ जाडीचा क्रोमोली निवडला होता. हिशेबात त्याचा आकडा १.३६ येतो, नियमातल्या पाइपाचा १.३५. म्हणजे काठावर, पण वर. वजन मात्र मीटरला अर्धा किलो कमी. हुशार निवड होती.

पाइप मी मागवून दिला, माझ्या ओळखीने, एका विक्रेत्याकडून. बिलावर १.६५ लिहिलं होतं. मी एक टोक बघितलं, व्हर्नियरने मोजलं, बरोबर आलं. पुढे सांगाडा बांधला. ओलं फडकं शेडमधून हद्दपार केलं होतं, टिगवर सावकाश जोड मारले, हवेत गार होऊ दिले. मला त्या सांगाड्याचा अभिमान वाटत होता. स्पर्धेच्या दीड महिना आधी पोरांनी तपासणीसाठी सांगाड्यात बारीक भोकं पाडली, कारण तपासनीस त्यातून जाडी मोजतात. सांगाडा बघणाऱ्या मुलीने व्हर्नियरचा दांडा भोकात घातला, वाचलं, पुन्हा वाचलं. मला हाक मारली. "काका, १.५ येतंय."

मी कापलेलं टोक मोजलं होतं, आणि कापताना आत वळलेली बारीक कड घासून काढली नव्हती. ती कड मोजली गेली होती. शिवाय सगळ्या लांब्यांपैकी एकीचंच टोक बघितलं होतं. १.५ ला तो आकडा १.२६ वर येतो, नियमापेक्षा सात टक्के कमी, आणि १.५७ ची किमान जाडीही हुकते. ताकदीने तो पाइप कदाचित पुरलाही असता. नियमात मात्र बसत नव्हता, आणि नियम मला माहीत होता.

पोरांनी काही दोष दिला नाही. त्या मुलीने वहीत नवा तक्ता आखायला घेतला. सांगाडा कापला. सगळा. मी पाइपाचे पैसे भरले आणि मजुरी घेतली नाही, पण पोरांचे जे दीड-दोनशे तास गेले ते मी कुठून भरून देणार? त्यांनी रात्री जागून दुसरा बांधला आणि ते पिथमपूरला गेले. तपासणीत पास झाले. त्यांचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये एकटाच होतो, आणि बराच वेळ काम सुरू करता आलं नाही.

आता कुणी येतो आणि विचारतो, "पिंजऱ्याला कुठला पाइप मजबूत?" तेव्हा मी आधी गाडी कशासाठी ते विचारतो. बाजारात मिरवायला नुसती नळ्यांची चौकट हवी असेल तर मी करत नाही. रस्त्यावर हेल्मेट न घालता पिंजऱ्याखाली बसलं, तर धडकेत डोकं त्याच नळीवर आपटतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. स्पर्धेसाठी, बंद मैदानासाठी हवा असेल तर सीडीएस, त्याच्या कारखान्याचा चाचणीचा कागद, आणि त्या कागदावरचा हीट नंबर पाइपावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. कागद नाही तर काम नाही. काही गिऱ्हाइकं त्यावरून परत जातात. जाऊ देत.

मावसभावाचा हात पूर्ण वर जात नाही. थंडीत दुखतो. त्याने जीप कधी विकली नाही. बरीच वर्षं ती नुसती झाकून ठेवली होती. गेल्या वर्षी आला आणि म्हणाला, "दादा, परत करूया. पण या वेळी मी हितंच बसणार." मी म्हटलं, बस. ४५ बाय अडीचच्या सहा लांब्या आल्या. मी प्रत्येकीची दोन्ही टोकं चार बोटं कापून काढली, आतली कड रीमरने साफ केली, आणि व्हर्नियर त्याच्या हातात दिला. एका टोकाला चार जागी मोजायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तो खाली बसून वाचत गेला आणि मी खडूने पाइपावर आकडे लिहीत गेलो. २.५. २.५. २.६. २.५. चौथ्या लांबीला तो थांबला, व्हर्नियर काढून पुसला, पुन्हा लावला.

"२.४," तो म्हणाला.

मी ती लांबी उचलून भिंतीकडे, निळ्या पट्ट्याच्या तुकड्याखाली नेऊन ठेवली, परत पाठवायला, आणि पाचवी त्याच्यासमोर आणली.